खोटं पाडून पाहा, मग खरं माना

टेबलावर चार कार्डं मांडली आहेत. प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर आहे आणि दुसऱ्या बाजूला अंक. आपल्याला दिसणाऱ्या बाजूंवर अ, क, ४ आणि ७ असं लिहिलेलं आहे. आता एक नियम ऐका : ज्या कार्डाच्या एका बाजूला स्वर असेल, त्याच्या दुसऱ्या बाजूला सम अंक असतोच.

हा नियम या चार कार्डांपुरता खरा आहे की खोटा, हे तपासायचं आहे. नको ती कार्डं उलटायची नाहीत आणि हवं ते सोडायचं नाही. तुम्ही कोणती कार्डं उलटाल? पुढे वाचण्याआधी उत्तर कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये हे कोडं मांडलं. तेव्हापासून ते जगभरच्या विद्यार्थ्यांना शेकडो वेळा घालून झालं आहे. बरेच जण 'अ आणि ४' असं उत्तर देतात, काही जण नुसतं 'अ' म्हणतात. बरोबर उत्तर आहे 'अ आणि ७'. ते दहांतल्या जेमतेम एखाद्याला सापडतं.

एकेक कार्ड पाहू. 'अ' उलटायलाच हवं, कारण मागे विषम अंक निघाला तर नियम मोडला. 'क' हे व्यंजन आहे. व्यंजनाबद्दल नियम काहीच म्हणत नाही, म्हणून ते सोडून द्यायचं. '४'च्या मागे स्वर निघाला तर नियमाशी जुळलं. पण व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, कारण सम अंकामागे स्वरच हवा, असं कोणी म्हटलेलंच नाही. म्हणजे '४' उलटून काहीही निघालं तरी निकाल बदलत नाही. '७'चं तसं नाही. त्याच्या मागे स्वर निघाला, तर स्वर आणि विषम अंक एकाच कार्डावर आले आणि नियम तिथेच कोसळला.

चुकणाऱ्यांना स्वर-व्यंजन किंवा सम-विषम कळत नसतं असं नाही. त्यांचं चुकतं ते शोधण्याच्या दिशेत. नियमाशी जुळणारं कार्ड ते पाहतात आणि नियम मोडू शकणारं कार्ड त्यांच्या नजरेतून निसटतं. चिकित्सक विचार शिकायचा म्हणजे मुख्यतः ही नजर वळवायला शिकायचं.

मन जुळणारं शोधतं

वेसन यांनी त्याआधी, १९६० मध्ये, आणखी एक साधा प्रयोग केला होता. त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, '२, ४, ६ हे त्रिकूट माझ्या मनातल्या एका नियमात बसतं. तुम्ही वेगवेगळी त्रिकुटं सांगा. प्रत्येक त्रिकूट नियमात बसतं की नाही, ते मी सांगेन. खात्री पटली की नियम ओळखा.'

बरेच जण ८, १०, १२ असं सांगत. उत्तर मिळे, 'बसतं.' मग २०, २२, २४. 'बसतं.' आणखी एकदोन त्रिकुटं झाली की ते ठामपणे जाहीर करत, 'दोन-दोनने वाढणाऱ्या सम संख्या!' हे उत्तर चूक होतं. मनातला नियम फक्त एवढाच होता की संख्या चढत्या क्रमाने याव्यात. १, २, ३ चाललं असतं आणि ५, १७, ९० सुद्धा. पहिल्याच जाहीर केलेल्या उत्तरात नियम ओळखणारे पाचांत सुमारे एक होते.

आपल्या अंदाजात न बसणारं एखादं त्रिकूट, उदाहरणार्थ १, २, ३, मुद्दाम विचारून पाहिलं असतं, तर अंदाज चुकल्याचं लगेच कळलं असतं. पण 'हो' ऐकायला मनाला आवडतं आणि ज्या प्रश्नाला 'हो' मिळण्याची शक्यता जास्त, तोच प्रश्न ते विचारतं. प्रत्येक 'हो'बरोबर खात्री वाढत गेली, ज्ञान मात्र तिथल्या तिथेच राहिलं. मानसशास्त्रात या प्रवृत्तीला पुष्टीचा पूर्वग्रह म्हणतात. आधी मत बनवायचं आणि मग त्याला पोषक तेवढंच गोळा करायचं, असा त्याचा अर्थ.

माठ विकत घेताना आपण तो बोटाने वाजवून पाहतो. चांगला आवाज ऐकून खूश व्हावं, हा त्यामागचा हेतू नसतो. कुठे तडा असेल तर तो दुकानातच कळावा, पाणी भरल्यावर नको, म्हणून आपण वाजवतो. विधानंही अशीच वाजवून घ्यायची असतात.

उलटं केलेलं विधान

'४' हे कार्ड इतक्या जणांना का खुणावतं, याचं दुसरं कारण शाळेच्या भूमितीत सापडतं. तिथे आपण व्यत्यास शिकतो. 'अमुक असेल तर तमुक असतं' या विधानाची बाजू पालटून 'तमुक असेल तर अमुक असतं' असं केलं की मूळ विधानाचा व्यत्यास मिळतो. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास खरा आहे आणि तो वेगळा सिद्ध करावा लागतो. 'चौकोन चौरस असेल तर त्याच्या चारही बाजू समान असतात' हेही खरं आहे. त्याचा व्यत्यास मात्र खोटा आहे, कारण समभुज चौकोनाच्याही चारही बाजू समान असतात आणि तो चौरस असेलच असं नाही.

वहीत हा फरक आपल्याला कळतो. वहीबाहेर आपण तो विसरतो. डेंग्यू झाला तर ताप येतो, हे खरं. ताप आला म्हणजे डेंग्यूच झाला, हे त्यातून निघत नाही. फ्लूनेही ताप येतो, टायफॉइडनेही येतो. म्हणून तर डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. हुशार मुलं कमी बोलतात असं समजा खरं मानलं, तरी कमी बोलणारा प्रत्येक मुलगा हुशार ठरत नाही.

भारतीय न्यायशास्त्राने ही गोष्ट फार नेमकी पकडली होती. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे अग्नी आहे असं आपण अनुमान करतो. हे अनुमान दुसऱ्याला पटवताना नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, ते पाच पायऱ्यांत मांडतात. प्रतिज्ञा : डोंगरावर अग्नी आहे. हेतू : कारण तिथे धूर आहे. उदाहरण : जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. उपनय : या डोंगरावरही तसाच धूर आहे. निगमन : म्हणून डोंगरावर अग्नी आहे.

यातली सगळ्यात महत्त्वाची कडी उदाहरणाची. धूर आणि अग्नी यांच्या अशा अखंड सोबतीला व्याप्ती म्हणतात. ती तपासायची कशी? सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी विद्यार्थ्यांसाठी 'तर्कसंग्रह' हे छोटंसं पुस्तक लिहिलं आणि त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या न्यायशास्त्राचे पहिले धडे दिले गेले. त्यात व्याप्तीच्या दोन बाजू दिल्या आहेत. पहिली अन्वय : जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. दुसरी व्यतिरेक : जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, जसा मोठा जलाशय.

आता कार्डांकडे परत पाहा. धुराच्या जागी स्वर ठेवा आणि अग्नीच्या जागी सम अंक. अन्वय तपासणं म्हणजे 'अ' उलटणं. व्यतिरेक तपासणं म्हणजे '७' उलटणं. अग्नी नसलेल्या जागी जाऊन तिथे धूर तर नाही ना, हे बघायचं. '४' उलटणं म्हणजे अग्नी असलेल्या जागी धूर शोधत बसणं आणि त्याचा इथे उपयोग नाही. जिथे अग्नी तिथे धूर असतोच, हे विधान नैयायिकांनी स्पष्टपणे चूक ठरवलं आहे. त्यासाठी त्यांनी दिलेलं उदाहरण म्हणजे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. त्यात अग्नी आहे, पण धूर नाही, कारण धुरासाठी ओलं जळण लागतं. एका गोळ्याने अख्खा व्यत्यास मोडला.

सूत्र पाठ करून भागतं का?

मग तर्कशास्त्राचा तास ठेवला की झालं, असं वाटेल. आपल्याकडे तो आहेही. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या कला शाखेत तर्कशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे आणि राज्य मंडळाच्या बारावीच्या गणिताचं पहिलंच प्रकरण तर्कशास्त्राचं आहे. तिथे विद्यार्थी विधानं चिन्हांत मांडतात, सत्यतेची कोष्टकं भरतात आणि गुण मिळवतात.

एवढं पुरतं का? पॅट्रिशिया चेंग, कीथ होलिओक, रिचर्ड निस्बेट आणि लिंडसे ऑलिव्हर या संशोधकांनी अमेरिकेत हे तपासलं. त्यांचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. तर्कशास्त्राचा सुमारे ४० तासांचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी वेसन यांच्या धर्तीची कोडी दिली. अभ्यासक्रमाआधीच्या आणि नंतरच्या उत्तरांत नाव घेण्यासारखा फरक पडला नव्हता. पण नियम आणि त्याची उदाहरणं एकमेकांना जोडून शिकवली, तेव्हा उत्तरं सुधारली. नुसत्या सूत्राने काम होत नव्हतं, नुसत्या उदाहरणांनीही होत नव्हतं. हे सूत्र या प्रसंगात कुठे बसतं, ते दाखवावं लागत होतं.

प्रसंग ओळखीचा असला की हीच माणसं किती सहज विचार करतात, ते रिचर्ड ग्रिग्ज आणि जेम्स कॉक्स यांनी १९८२ मध्ये दाखवलं होतं. फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी अक्षरं-अंकांऐवजी दारू पिण्याच्या किमान वयाचा नियम दिला. बिअर पिणारा, कोक पिणारा, २२ वर्षांचा आणि १६ वर्षांचा अशा चौघांपैकी कोणाला तपासायचं? चारांपैकी जवळपास तिघांनी बरोबर सांगितलं : बिअर पिणाऱ्याचं वय पाहा आणि १६ वर्षांच्या मुलाचा पेला पाहा.

आपल्या एसटीत बसवून बघा. 'सवलतीचं तिकीट असेल तर ओळखपत्र हवं' हा नियम. समोर चार प्रवासी : एकाकडे सवलतीचं तिकीट आहे, एकाकडे पूर्ण तिकीट आहे, एकाने ओळखपत्र हातात धरलं आहे आणि एक म्हणतो, 'माझ्याकडे ओळखपत्र नाही.' कंडक्टर कोणाला विचारेल? पहिल्याला आणि चौथ्याला. ओळखपत्र हातात धरलेल्याचं तिकीट बघून त्याला काही साधायचं नसतं, कारण ओळखपत्र असलेल्याने पूर्ण तिकीट काढलं तरी नियम मोडत नाही. कोडं अगदी तेच आहे, फक्त '७'च्या जागी ओळखपत्र नसलेला प्रवासी आला.

नियम मोडणारा माणूस आपण लगेच हेरतो. तोच डोळा आपल्याला पुस्तकातल्या, बातमीतल्या आणि स्वतःच्या मतातल्या विधानांवर लावायचा आहे. हे कौशल्य प्रत्येकात आहे. ते एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचा सराव मात्र करावा लागतो.

जे समोर येतच नाही

कधी कधी नियम मोडणारं उदाहरण आपण टाळत नाही, ते आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. दुसऱ्या महायुद्धात कोलंबिया विद्यापीठातल्या एका संशोधन गटात अब्राहम वाल्ड हे गणितज्ञ काम करत होते. लढाऊ विमानांचे कोणते भाग जास्त नाजूक आहेत, हे ठरवायचं होतं. हाताशी माहिती होती ती मोहिमेवरून परत आलेल्या विमानांवर कुठे किती मारा झाला, याची. जिथे जास्त भोकं तिथे जास्त संरक्षण द्यावं, असं कुणालाही वाटेल. वाल्ड यांच्या १९४३ च्या टिपणांचा रोख वेगळा होता. ही विमानं मार खाऊनही परत आली, म्हणजे तिथला मार ती सोसू शकत होती. शत्रूचा मारा विमानाच्या सगळ्या भागांवर होत असेल, तर परत आलेल्या विमानांत ज्या भागावर कमी खुणा दिसतात, त्याच भागावर घाव बसलेली विमानं परतली नसावीत. ती मोजणीत आलीच नव्हती.

आपल्या शहरातल्या चौकात अशी अर्धी मोजणी दर वर्षी निकालानंतर टांगली जाते. क्लासच्या फलकावर यशस्वी मुलांचे हसरे फोटो असतात. समजा, एका क्लासच्या फलकावर ४० फोटो आहेत. पालक म्हणतात, 'चाळीस मुलं लागली, म्हणजे क्लास चांगला.' आता विचारायला हवं, क्लासला एकूण मुलं किती होती? समजा ४०० होती. म्हणजे दहांतला एक लागला. पुढचा प्रश्न : त्याच शाळांतली, क्लास न लावलेली मुलं किती आणि त्यांतली किती लागली? समजा १०० पैकी १० लागली. तीही दहांतली एकच. मग क्लासमुळे फरक पडला, असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

म्हणून 'अमुकमुळे तमुक झालं' हे तपासताना कागदावर चार खाने आखावेत : क्लास लावला आणि यश मिळालं, क्लास लावला पण यश नाही, क्लास नाही तरी यश मिळालं, क्लास नाही आणि यशही नाही. फलक फक्त पहिला खाना दाखवतो. नवस, ताईत, परीक्षेचं लकी पेन, घरगुती औषधं यांच्या बहुतेक कहाण्याही पहिल्याच खान्यातल्या असतात. उरलेले तीन खाने आपल्याला मागून घ्यावे लागतात. ते भरल्यावरही एक प्रश्न राहतो. क्लास आधी परीक्षा घेऊन निवडकच मुलं घेत असेल, तर यश क्लासचं की निवडीचं?

एकट्याने अवघड, चौघांत सोपं

स्वतःच्या मताविरुद्धचं उदाहरण स्वतःच शोधणं कठीण असतं. दुसऱ्याच्या मतातली फट मात्र आपल्याला चटकन दिसते. मग हा स्वभाव कामाला का लावू नये? डेव्हिड मॉशमन आणि मॉली गाइल यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेसन यांचं कार्डांचं कोडं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन प्रकारे दिलं. एकेकट्याने सोडवणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्के जणांचं उत्तर बरोबर आलं. पाच-सहा जणांच्या गटांत चर्चा करून सोडवलं, तेव्हा सुमारे ७५ टक्के गट बरोबर उत्तरापर्यंत पोहोचले.

पण चर्चा कशी हवी? न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार वेगळे केले आहेत. सत्य काय ते ठरवण्यासाठी, पुरावे देऊन होतो तो वाद. कसंही करून जिंकण्यासाठी होतो तो जल्प. स्वतःची बाजू न मांडता केवळ समोरच्याचं म्हणणं मोडीत काढायचं, ती वितंडा. अभ्यासाच्या गटाने पहिला प्रकार निवडला तरच वरच्या प्रयोगासारखा फायदा मिळेल. त्यासाठी एक अट पाळावी : समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी आपण सांगायचं आणि मगच आक्षेप घ्यायचा.

सगळ्यावर संशय घेत सुटणं म्हणजे चिकित्सा, असाही एक गैरसमज असतो. ज्या नियमाला खोटं पाडायचे प्रामाणिक प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले, त्यावर विश्वास ठेवणं हाच तर्काचा मार्ग आहे. लशी आणि गुरुत्वाकर्षण यांवरचा आपला भरवसा असाच कमावलेला आहे. जे विधान कोणत्याही परिस्थितीत खोटं ठरूच शकत नाही, त्यापासून मात्र सावध राहावं. 'श्रद्धा असेल तर गुण येतो, गुण आला नाही म्हणजे श्रद्धा कमी पडली' हे असं विधान. त्यात '७'चं कार्डच ठेवलेलं नाही.

अभ्यासात आणायचं कसं?

यासाठी वेगळं पुस्तक लागत नाही. इतिहासाच्या धड्यात 'या घटनेमुळे हा उठाव झाला' असं वाचलं, तर विचारा : अशीच घटना घडूनही उठाव झाला नाही, असं कुठे आहे का? विज्ञानाचा नियम पाठ केलात, तर तो कोणत्या प्रयोगात मोडल्यासारखा दिसला असता, ते लिहा. गणितात एक रीत तीन उदाहरणांना लागू पडली, तर ती कुठे लागू पडत नाही असं चौथं उदाहरण शोधा. व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारा : हे खोटं असतं, तर मला काय वेगळं दिसलं असतं? ते मी शोधलं का?

शिक्षकांनाही हे करता येईल. 'बरोबर उत्तर सांगा' याबरोबर 'हे उत्तर चूक ठरेल अशी परिस्थिती सांगा' असाही एक प्रश्न रोज फळ्यावर यावा. आणि तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आगाऊ म्हणून गप्प बसवू नये.

चौकट : विधान तपासण्याच्या पाच पायऱ्या

१. विधान 'जर–तर'मध्ये लिहा. नेमकं काय म्हटलंय आणि काय म्हटलेलं नाही, ते स्पष्ट करा.
२. त्याचा व्यत्यास वेगळा लिहा आणि दोन्ही एकच आहेत असं धरून चालू नका.
३. विधान मोडू शकेल असं उदाहरण कसं दिसेल, ते ठरवा आणि आधी तेच शोधा.
४. चार खाने आखा. तुमच्यापर्यंत न पोहोचलेली उदाहरणं कोणत्या खान्यात आहेत, ते विचारा.
५. आपलं मत न पटणाऱ्या मित्राला दाखवा. तो तडा दाखवू शकला तर मत बदला. बऱ्याच जणांना तो सापडला नाही, तर विश्वास ठेवा.

तर्कशास्त्राचे गुण गुणपत्रिकेत एका ओळीत मावतात. त्याचा उपयोग मात्र औषध घेताना, कर्ज काढताना, मत देताना आणि कुणावर आरोप करताना रोज होतो. म्हणून विद्यार्थ्यांना एकच सांगणं आहे : आज तुम्हाला अगदी खात्रीचं वाटणारं एक मत निवडा आणि ते खोटं पाडण्याचा मनापासून प्रयत्न करा. ते टिकलं, तर तुमची खात्री पहिल्यांदाच स्वतःच्या पायावर उभी राहील. मोडलं, तर एका चुकीच्या समजुतीतून तुमची सुटका होईल.